तांबड्या कड्याखालची पांढरी तबकडी

पेई बाईंचा तंबू नारिंगी होता. दोन किलोमीटरवरूनही डोळ्यांत भरेल इतका नारिंगी. तरीही आमचे तोंग सर आठवडाभर त्याला ‘तो तिकडचा खडक’ म्हणत होते.

“सर, त्या खडकातून धूर निघतोय,” मी म्हणायची.

“ज्वालामुखी असेल,” असं म्हणून ते पाठ फिरवायचे.

त्सायदाम वाळवंटाच्या पश्चिम टोकाला, मांग्या गावाच्याही पुढे आमचा मुक्काम होता. तिथं गवताचं पातं नाही. वाऱ्यानं कोरलेल्या मातीच्या टेकड्या, त्यांच्यामधून मिठाची पांढरी पठारं, आणि एका कड्याच्या मधोमध पट्ट्यासारखा गेलेला एक तांबडा थर. त्या थरासाठी तोंग सर दोन वर्षं अर्ज करत होते. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांकडून जे आलेख येतात ते ताडून बघायला पृथ्वीवरचे तसेच दगड लागतात, आणि इतका कोरडा, इतका खारट, इतका मंगळासारखा दुसरा प्रदेश अख्ख्या चीनमध्ये नाही. मी सरांच्या प्रयोगशाळेत सात वर्षं आहे. गाडी आणि स्वयंपाक सोद्नम उस्तादांकडे. ते त्सायदामचे मंगोल. त्यांना दगडांत काडीचा रस नाही आणि ते तसं स्पष्ट सांगतात.

पेई बाईही त्याच थरासाठी आल्या होत्या, दुसऱ्या संस्थेकडून, तीन विद्यार्थी घेऊन. कड्याच्या त्या टोकाला त्या, या टोकाला आम्ही.

दोघं एकाच गुरूंकडे शिकलेली. तरुणपणी एका खोलीत, एका यंत्रावर काम केलेली. मग एका परिषदेत मंगळावरच्या एका पट्ट्यावरून त्यांचं बिनसलं. लोखंडाच्या गंजाच्या बऱ्याच जाती असतात. हेमाटाइट कोरडं. गोथाइटच्या पोटात पाणी. नुसत्या रंगावर जाऊन चालत नाही. पिवळट गोथाइटमध्ये थोडं हेमाटाइट मिसळलं की तेही लालभडक दिसतं. पण तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड त्यांच्यावर पाडला की प्रत्येक जात तो आपापल्या ठिकाणी गिळते, आणि आलेखात तिथं खळगा पडतो. हेमाटाइटचा खळगा आठशे सत्तर नॅनोमीटरच्या आसपास, गोथाइटचा नऊशेच्या बराच पुढे. तर सरांचं म्हणणं, मंगळावरचा तो पट्टा हेमाटाइटचा. बाईंचं म्हणणं, गोथाइटचा. भर सभेत बाई म्हणाल्या, “तोंग सरांना जिथं खळगा दिसतो तिथं मला फक्त तोंग सरांची इच्छा दिसते.” सर उठून म्हणाले, “पेई बाईंनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.” लोक खूप हसले. त्यानंतर या दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता. त्याला बारा वर्षं होऊन गेली होती.

घोळ झाला तो मटणापायी.

उस्तादांनी त्या दिवशी एका धनगर कुटुंबाकडून ताजं मटण आणलं होतं. मोठाले तुकडे नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडायचे आणि हातानं ओढून खायचे. तोंग सरांना मटण समोर आलं की जगाचा विसर पडतो, आणि आलेख समोर आला की मटणाचाही. त्या दुपारी दोन्ही एकदम समोर होती. डाव्या हाताला पडदा, उजव्या हातात बरगडी. मी कड्यावर नमुने काढत होते, म्हणून पुढे काय झालं ते मला दिसलं नाही. मी परत येऊन जेवले, आम्ही काम सुरू केलं आणि मी किंचाळलेच.

“सर! तेल!”

“कसलं तेल?”

“दगडात तेल आहे! हे बघा, सतराशे तीसला आणि तेवीसशे दहाला. या जागा तेलाच्याच. इथून तेलविहिरी कितीशा लांब आहेत? सर, या थरातून तेल झिरपतंय!”

मी दुसरा दगड लावला. तेल. तिसरा लावला. तेल. मनात मी लेखाचं शीर्षकही ठरवून टाकलं. सर मात्र पडद्याकडे न बघता बुटांकडे बघत होते.

“श्याओ क्वांग,” ते हळूच म्हणाले, “ते खळगे आहेत की उंचवटे?”

मी नीट पाहिलं. उंचवटे होते. तेल उजेड गिळतं, तिथं खळगा हवा. हे सगळं उलटं झालं होतं. दगडात नसलेलं तेल उलटं होऊन दिसायचा एकच मार्ग होता. ते तेल दगडावर नव्हतं, पांढऱ्या तबकडीवर होतं.

ही तबकडी म्हणजे आमच्या कामाचा प्राण. तळहाताएवढी, दुधासारखी पांढरी. यंत्राचा दिवा आधी तिच्यावर टेकवायचा आणि किती उजेड परत येतो ते मोजायचं, मग दगडावर टेकवायचा, आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं. तबकडी खोटी बोलली की सगळे दगड खोटं बोलतात.

मी तबकडी उचलून नाकाशी नेली. मटणाचा घमघमाट.

“सर?”

“ताटली पांढरी होती,” सर म्हणाले. “आणि हीसुद्धा पांढरी.”

“तुम्ही हिच्यावर जेवलात?”

“जेवलो नाही. बरगड्या ठेवल्या. म्हणजे... तीनेक. चांगल्या गरम होत्या. लक्षात आल्यावर लगेच पुसली.”

“कशानं?”

“बाहीनं.”

उस्ताद भांडी घासता घासता इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. “एवढी वर्षं माणसांना मटण वाढलं,” ते म्हणाले, “यंत्राला पहिल्यांदाच.”

मला हसू येत नव्हतं. ती तबकडी दिसायला घट्ट, पण अंगानं स्पंजासारखी. तिच्यात चरबी एकदा मुरली की मुरली. मी बारीक पॉलिशपेपरनं ती घासली. पिण्याच्या पाण्यातलं पाणी घेतलं म्हणून उस्तादांची बोलणी खाल्ली. तरी वास होताच आणि उंचवटेही होतेच. दुसरी तबकडी संस्थेकडून मागवायची तर ती ट्रकनं येईपर्यंत आमची परवानगी संपणार होती.

“पेई बाईंकडे असेलच की,” मी म्हणाले.

सरांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला.

“सर, दोन किलोमीटरवर. उस्ताद पाच मिनिटांत आणतील.”

“त्या खडकाकडे?” सर म्हणाले. “आणि काय सांगायचं? ‘पेई सूयुन, मी माझ्या तबकडीवर मटण खाल्लं, तुझी दे’? त्यापेक्षा मी पायी बीजिंगला जाईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही पांढऱ्या वस्तू शोधायला लागलो. पहिला मान पिठाचा. सरांनी एका डब्याच्या झाकणात मैदा थापला, चमच्यानं गुळगुळीत केला आणि दिवा टेकवला. मैद्यात ओल असते, तिचे स्वतःचे दोन भलेमोठे खळगे निघाले. मग ज्या जमिनीवर उभे होतो तिथलंच मीठ खरवडून कुटलं. ते आणखी ओलं निघालं. टॉयलेट पेपरच्या घड्या करून पाहिल्या. मग सरांची नजर माझ्या चेहऱ्यावर खिळली.

“तू उन्हासाठी लावतेस ते क्रीम चांगलं पांढरं आहे.”

“सर, हात लावलात तर मी नोकरी सोडेन.”

इतक्यात वारा आला. त्सायदामचा वारा सांगून येत नाही. झाकणातला मैदा उठला आणि सरळ सरांच्या तोंडावर बसला. भुवया, मिशा, चष्मा, सगळं पांढरं. “आता हे चालतील,” उस्ताद म्हणाले, “यांच्यावरच टेकवा दिवा.”

ते तसं बोलत होते आणि हातानं पाण्याच्या टाकीचा गळका नळ काढत होते. नळ काढला, आट्यांवरची जुनी पट्टी सोलून टाकली आणि खिशातून नवी गुंडाळी काढून आट्यांवर फिरवायला लागले. प्लंबर लोकांची ती पांढरी टेप. सर तोंड पुसत पुसत बघत होते. पुसता पुसता थांबले.

“श्याओ क्वांग, आपली तबकडी कशाची असते?”

“टेफ्लॉनची,” मी म्हणाले. मग माझीही नजर तिकडे गेली.

ती टेपही टेफ्लॉनचीच असते!

सरांनी उस्तादांच्या हातातून गुंडाळी जवळजवळ हिसकावली. “टाकी गळेल!” उस्ताद ओरडले. “गळू दे!” सर ओरडले. एका थराची टेप आरपार दिसते, म्हणून थरावर थर, थरावर थर असं करत आम्ही गाडीतल्या सगळ्या गुंडाळ्या एका लाकडी फळीवर ताणून बसवल्या. दुपारपर्यंत जाडजूड पांढरी वडी तयार झाली. दिवा टेकवला. आलेख सपाट, मिठाच्या पठारासारखा सपाट. सरांनी मला मिठी मारली, तेव्हा त्यांच्या अंगावरचा उरलेला मैदा माझ्या कपड्यांना लागला.

नेमक्या त्याच वेळी बाई आल्या.

एकट्याच, चालत. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर मोठा तपकिरी गॉगल, पाठीला पिशवी. आमच्या तंबूपासून दहा पावलांवर येऊन उभ्या राहिल्या. सर पाठमोरे होते. मी खोकले. ते वळले.

बाई सरांच्या पांढऱ्या भुवयांकडे बघत होत्या.

“तोंग शौछंग,” शेवटी त्या म्हणाल्या, पूर्ण नाव घेऊन, शाळेत हजेरी घ्यावी तसं. “तुझ्याकडे मीठ आहे?”

सरांनी खाली पाहिलं. त्यांचे बूट मिठात होते. बाईंचे बूटही मिठात होते. क्षितिजापर्यंत मीठच मीठ होतं.

“आहे थोडं,” सर म्हणाले.

उस्ताद टाकीमागे गेले, हसायला. मी गंभीरपणे चहा ठेवला. दूध, चहापत्ती आणि मीठ. बाई एका घडीच्या खुर्चीवर बसल्या. हवा, वारा, रस्ते यांवर बोलणं झालं. माणूस दोन किलोमीटर ऊन तुडवत मीठ मागायला येत नाही हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, पण विचारायचं कुणी?

“तुझं यंत्र नीट चाललंय?” बाईंनी पेल्यात बघत विचारलं.

“उत्तम,” सर म्हणाले. “का?”

“सहज.”

“तुझं?”

“उत्तम.”

मग बाईंनी पेला खाली ठेवला आणि एकदम बोलून टाकलं, “त्या थरात काही नाही. एवढा लालबुंद थर, आणि आलेखात खळगाच नाही. पहिल्या दिवशी थोडा होता, मग रोज उथळ होत गेला. आता नावालाही नाही. मी संस्थेला कळवून मोकळी झाले की हे हेमाटाइट नाही, गोथाइटही नाही, स्फटिकच न बनलेली कसली तरी माती आहे. कळवलं तेव्हापासून झोप नाही. माझ्या यंत्राचा डोळा गेला असं वाटतंय. तुझ्या यंत्रावर माझे दोन दगड लावून बघायचे होते.” आणि पिशवी उघडून त्यांनी दगड काढले. “हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.”

सर हसले नाहीत. मला त्याचं आश्चर्य वाटलं, आणि बाईंनाही वाटलं असावं.

“दे इकडे,” ते म्हणाले.

त्यांनी आमची फळी समोर ओढली. बाई पुढे वाकल्या. “हे काय आहे?”

“पांढरा संदर्भ.”

“ही नळाची टेप आहे.”

“हो.”

“तुझी तबकडी कुठं आहे?”

“विश्रांती घेतेय,” सर म्हणाले आणि घाईघाईनं दिवा दगडावर टेकवला.

पडद्यावर रेघ उमटली. डावीकडून चढत आली आणि आठशे सत्तरपाशी खाली घसरली, विहिरीत उतरावी तशी. मग वर आली. इतकं स्वच्छ हेमाटाइट मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं. दुसरा दगड लावला. तेच.

बाईंनी गॉगल काढला. “शक्य नाही. तुझी टेप खोटी आहे.”

“टेप सपाट आहे, बघ. श्याओ क्वांग, दाखव त्यांना.”

मी मघाचा आलेख दाखवला. बाईंनी तो दोनदा पाहिला, बोटानं रेघ धरून. मग पिशवीतून स्वतःची तबकडी काढली. तिची पेटी चामड्याची होती, आत मखमल. आमच्याकडे तबकडी डब्यात ठेवायची पद्धत, म्हणजे वस्तूंबद्दल दोघांची माया किती ते कळावं.

“हिच्यावरून मोज,” त्या म्हणाल्या.

मोजलं. त्याच यंत्रावर, त्याच दगडावर खळगा गायब.

आता दोघंही पडद्याजवळ आली. कोण कुणाशी बोलत नाही हे दोघंही विसरली होती. “यंत्र तेच, दगड तोच,” सर पुटपुटले. “मग फरक पांढऱ्यात,” बाईंनी वाक्य पुरं केलं. आणि त्या क्षणी त्यांचा चेहरा बदलला. त्यांना समजलं होतं. सरांनाही समजलं होतं.

“शौछंग,” बाई म्हणाल्या, “माझी तबकडी दगड समज. टेपवरून माप.”

सरांनी तसं केलं. बाईंच्या देखण्या पांढऱ्या तबकडीची रेघ पडद्यावर आली, आणि आठशे सत्तरपाशी व्यवस्थित खाली घसरली.

तबकडीवर हेमाटाइट होतं. आठवडाभर दिवा दगडावर टेकवायचा, मग तबकडीवर टेकवायचा. प्रत्येक वेळी दिव्याच्या काचेला लागलेली तांबडी धूळ, पिठासारखी बारीक, तबकडीवर बसत गेली. जितकं हेमाटाइट दगडात, तितकंच पांढऱ्यात. भागाकार केला की उरतं काय? मी तबकडी आमच्या टेपशेजारी धरली तेव्हा कुठं दिसलं. ती पांढरी नव्हती, फिकट गुलाबी होती, लहान मुलाच्या गालासारखी.

“मला दिसलं कसं नाही?” बाई म्हणाल्या.

“बाहेर तुमचा गॉगल तपकिरी,” मी म्हणाले, “आणि आत तुमचा तंबू नारिंगी. त्यात सगळंच गुलाबी दिसणार.”

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांचे खांदे पडले. “मी संस्थेला कळवलंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “उद्या सगळे म्हणतील, पेई सूयुनला धूळ झटकता येत नाही. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवते मी. काच पुसा, काच पुसा. रोज सकाळी काच पुसली आम्ही. तबकडीकडे पाहिलंच नाही.”

बारा वर्षांनी सरांना अशी संधी मिळाली होती. मला खात्री होती की आता चष्म्याचा नंबर निघणार. सर उठले, तंबूत गेले आणि आमची जुनी तबकडी घेऊन आले. बाईंच्या हातात दिली.

“वास घे,” ते म्हणाले.

बाईंनी वास घेतला. भुवया वर गेल्या. “मटण?”

“बरगड्या. तीनेक.”

“तू... हिच्यावर?”

“ताटली पांढरी होती,” सर म्हणाले. “आणि मग या पोरीनं दगडात तेल शोधून काढलं.”

“सर!” मी म्हणाले.

बाईंनी आधी ओठ दाबून धरले. मग तबकडी पुन्हा नाकाशी नेली आणि त्यांना आवरेना. हसता हसता त्या पुढे वाकल्या, डोळे पुसले, पुन्हा तबकडीकडे पाहिलं, पुन्हा सुरू. सरही हसायला लागले, भुवयांवरचा मैदा गळेपर्यंत. उस्ताद टाकीमागून बाहेर आले आणि म्हणाले, “हे आधीच का नाही केलं तुम्ही दोघांनी? माझी टेप तरी वाचली असती.”

“तू का नाही फोन केलास?” हसणं थांबल्यावर बाईंनी विचारलं. त्या मटणाबद्दल बोलत नव्हत्या.

“वाटलं, तू करशील.”

“मला वाटलं, तू थोरला आहेस, तू करशील.”

“चार महिन्यांनी थोरला!”

“थोरला तो थोरलाच.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच नारिंगी तंबू आमच्या शेजारी आला. बाईंच्या तीन विद्यार्थ्यांना मी टेपच्या फळ्या करायला बसवलं. उस्तादांनी ह्वातुगौ गावातल्या दुकानातून बाईंच्या गाडीच्या ड्रायव्हरकरवी टेपची अख्खी पेटी मागवली आणि त्यातल्या दोन गुंडाळ्या आधी स्वतःच्या खिशात टाकल्या. थर वरपासून खालपर्यंत पुन्हा मोजायचा, प्रत्येक मापाआधी काच पुसायची, प्रत्येक मापानंतर पांढरं तपासायचं, असं ठरलं. सर कड्यावर चढायचे, बाई खाली यंत्राजवळ.

“आणखी डावीकडे!” बाई खालून ओरडायच्या.

“डावीकडे कडा संपतो!”

“मग जपून डावीकडे!”

सगळा थर हेमाटाइटचा निघाला. फक्त तळाशी, जिथं दगड फोडल्यावर आत किंचित ओल होती, तिथं खळगा थोडा पुढे, गोथाइटकडे, सरकला होता. बाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि सरांकडे पाहिलं.

“दोन नॅनोमीटर,” सर म्हणाले. “एवढं तर श्वास घेतला तरी सरकतं.”

“सहा.”

“चार.”

“श्याओ क्वांग, तू सांग,” बाई म्हणाल्या.

“मी पाणी आणायला चालले,” मी म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी उपग्रह-फोन मागून घेतला आणि सगळ्यांसमोर संस्थेला फोन लावला. “हो, मीच. लिहून घ्या. मी चुकीचं कळवलं होतं. थर हेमाटाइटचा आहे. माझी तबकडी मळली होती. नाही, यंत्र ठीक आहे. मीच पाहिलं नाही.” आवाज ठाम होता. पलीकडून कुणीतरी बरंच काही विचारत असावं, कारण त्या मध्येच म्हणाल्या, “तोंग शौछंगनं. हो, तोच. नाही, भांडलो नाही.” मग फोनवर हात ठेवून सरांना म्हणाल्या, “मंगळाबद्दल मी काहीच कबूल केलेलं नाही, लक्षात ठेव.”

“मी कुठं काय म्हणालो?”

“तुझा चेहरा म्हणाला.”

परतताना त्या आमच्याच गाडीत बसल्या. ह्वातुगौपर्यंत रस्ता खडबडीत. मी पुढे उस्तादांशेजारी, ती दोघं मागे. मंगळावरच्या त्या पट्ट्यावरून दोघं जी सुरू झाली ती थांबेनात. यानाचं यंत्र, धुळीची जाडी, दुपारचं तापमान, सगळं निघालं. खड्डा आला की वाक्य मध्येच तुटायचं आणि खड्डा संपला की तिथूनच पुढे सुरू व्हायचं. उस्तादांनी दोनदा आरशात पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, “हे न बोलणारे होते ना?”

गावात शिरल्यावर सगळ्यांना भूक लागली होती. उस्तादांनी गाडी त्यांच्या नेहमीच्या नूडलच्या दुकानापुढे उभी केली. आत एकच मोठं टेबल रिकामं. सरांनी टेबलावर मिरचीच्या तेलाची वाटी मधोमध ठेवली, हा मंगळ. शेजारी लसणाच्या पाकळ्या, ही धूळ. बाईंनी लसणाची जागा बदलली. सरांनी ती परत होती तिथं ठेवली. दुकानाच्या मालकीणबाई, टोपीखाली केस नीट बांधलेल्या, वाफाळते वाडगे घेऊन आल्या आणि ठेवायला जागाच सापडेना म्हणून तिथंच उभ्या राहिल्या.

“नवरा-बायको का?” त्यांनी मला विचारलं.

“नाही!” सर आणि बाई एकदम म्हणाले.

“मग एवढं भांडता कशावरून?”

“मंगळावरून,” बाई म्हणाल्या.

मालकीणबाईंनी वाटीकडे पाहिलं, लसणाकडे पाहिलं. “मंगळ नंतर,” त्या म्हणाल्या. “नूडल फुगतात.” आणि त्यांनी वाटी उचलून त्या जागी वाडगा ठेवला. दोघांनी निमूटपणे जेवायच्या काड्या उचलल्या. बाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मग तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या, “पण शौछंग, धूळ जर इतकी जाड असेल, तर मग रात्रीचं तापमान...”

सरांनी आपल्या वाडग्यातला मटणाचा तुकडा उचलून त्यांच्या वाडग्यात टाकला, आणि खिशातून पेन काढायला लागले.